दहा पाकळ्यांचा तुंबा

मुरबाड,
दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस, १९९९

तीर्थरूप राघोमामांना गिरजेचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या अर्धाच वाकले. उरलेला धसईला आल्यावर.)

“तुंब्यातून बघू नको गो गिरजे, पलीकडं तुजा नवरा दिसंल.” हे तुम्ही मला म्हणालात तेव्हा मी आठ वर्षांची होते. आरे न बसवलेला, बैलगाडीच्या चाकाचा नुसता तुंबा तुमच्या ओट्यावर आडवा पडला होता आणि त्याच्या भोकातून जग कसं दिसतं ते बघायला मी पोटावर झोपले होते. पलीकडे शेजारच्या धाऊची म्हैस रवंथ करत उभी होती. त्या धसक्याने मी दोन दिवस धड जेवले नव्हते, हे मामींना आठवत असेल. त्यांचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला? भात कापणीला आलं का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. काम असं काही नाही, सहज आठवण झाली म्हणून लिहायला बसले.

आठवण होण्याचं निमित्त मात्र सांगते. आमच्या कारखान्यात (कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, एक भट्टी आणि वाळूचा ढीग, तुम्ही पाहिलाच आहे) आजवर पिठाच्या गिरणीच्या पुल्या आणि पंपाची झाकणं याखेरीज काही ओतलं गेलं नाही. श्रावणात एक दिवस शहापूरकडून एक गाडी आली. तिला छप्पर नव्हतं, पुढचं इंजिन उघडं, आणि आवाज असा की समोरच्या हॉटेलातले लोक चहाचे ग्लास घेऊनच रस्त्यावर आले. आतून कॅप्टन दळवी उतरले. जन्मभर जहाजावर होते, आता शहापूरच्या बाजूला जमीन घेऊन राहिलेत. गाडी एकोणीसशे चौतीस सालची. तिचं छप्पर त्यांनी स्वतः कापलं आणि आत दुप्पट ताकदीचं इंजिन घातलं. अमेरिकेत अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात म्हणे. (आमचे हे म्हणाले, “म्हणजे चांगली गाडी मोडली.” कॅप्टन म्हणाले, “बरोबर. आता पूर्ण मोडायला तुमची मदत हवी.”) त्यांना चार चाकांसाठी अॅल्युमिनियमचे चार हब हवे होते. हब म्हणजे आपला तुंबाच, मामा, फक्त लाकडाऐवजी चांदीसारखा लखलखणारा, आणि भोवती दहा पाकळ्या. एका जुन्या मासिकातला फोटो त्यांनी टेबलावर ठेवला आणि माझं त्या दिवशीचं जेवण करपलं.

खरं सांगते, तेव्हापासून मी जमिनीवर नाही. पुली ओतताना मला कधी काही वाटलं नव्हतं. पण अॅल्युमिनियम वितळलं की मुशीत ते कसं दिसतं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. लोखंडासारखं ते लाल होत नाही. शांत पडून राहतं, वर दुधासारखी साय धरतं. ती साय पळीने बाजूला केली की खाली आरसा. त्यात शेडचे पत्रे दिसतात, आभाळाचा तुकडा दिसतो. मी बघत राहते आणि मला ती गाडी धसईच्या बाजारातून जाताना दिसते, लोक भेंडीवांग्यांचे ढीग सोडून उभे राहिलेत, चाकांमध्ये चार पांढरी कमळं गरगर फिरताहेत, आणि मामी पदर सावरत म्हणताहेत, “कोनाचं म्हनायचं हे?” मग सावळाराम ओरडतो, “बाई, मागं व्हा, पदर पेटंल!” आणि मी मागे होते.

हा सावळाराम आमचा साचेवाला. नदीकाठच्या वाडीवरचा, तो आणि त्याची बायको ठमी दोघंही आमच्याकडे. काम असं चालतं: लाकडाचा नमुना ओल्या वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा, जी पोकळी राहील तीत धातू ओतायचा. नमुना कल्याणहून करून आणला. करणाऱ्याने पाकळ्या फोटोबरहुकूम केल्या, सरळ उभ्या, भिंतीसारख्या. दिसायला सुरेख, पण नमुना उचलला की वाळूही बरोबर उचलली जायची. दहा पाकळ्यांना थोडा थोडा उतार हवा होता, म्हणजे वाळूने त्यांना सुखाने सोडलं असतं. आम्ही त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, उतार दिला तर फोटोसारखं दिसणार नाही, आणि नमुना परत आमच्या हातात ठेवला. सावळारामने अठरा साचे केले, अठराही ढासळले. एकोणिसावा उभा राहिला तो नेमका खंडेनवमीला.

त्या दिवशी कॅप्टन आले होते. त्यांना पोकळी बघायची होती म्हणून साचा उघडा ठेवला होता. वाळूत कोरलेलं ते कमळ बघायला सगळे साच्याभोवती जमले (मी तर सगळ्यांच्या पुढे), आणि तेवढ्यात ठमी पूजेचं ताट घेऊन आली. दरवर्षी ती भट्टी, पळ्या, हातोडे यांची पूजा करते. यंदा तिने सगळ्यांवर हळदकुंकू घातलं आणि उरलेल्या अक्षता मूठ भरून थेट साच्यात टाकल्या.

मामा, साच्यात वाळूचा एक कण पडला तरी फुंकणीने उडवतात. इथे पाकळ्यापाकळ्यांत तांदूळ पडलेले सगळ्यांना दिसत होते. सावळारामने फुंकणी उचलली.

“फुकू का?” तो म्हणाला.

“अक्षता फुकतो का रं?” ठमी म्हणाली. “फुक, नि मंग घरी येऊन दाखव.”

त्याने फुंकणी यांच्याकडे दिली. यांनी ती हातात घेतली, जरा विचार केला, आणि मला म्हणाले, “तू बघ.” मी बघितलं. ओली वाळू, त्यात कुंकवाने लाल झालेले दाणे, आणि सणाचा दिवस. मला ते इतकं छान दिसलं की मी फुंकणी खाली ठेवली. कॅप्टनना वाटलं ही आमची पद्धतच असेल, म्हणून त्यांनी टोपी काढली. साचा मिटला, धातू ओतला.

तांदूळ जळले, त्यांचा धूर आत कोंडला आणि धातूत भोकं पडली. हब थंड झाल्यावर वाळू झाडली तेव्हा दहाच्या दहा पाकळ्यांना जाळी. कॅप्टननी तो उन्हात धरला. आरपार ऊन पडलं.

“बाई,” ते म्हणाले, “मी चाक मागितलं होतं. हा अनारसा आहे.”

ठमी म्हणाली, “जाळी बाकी चांगली पडलीय.”

यावर कॅप्टन हसले, बराच वेळ हसले, पण हब घेतला नाही. जानेवारीत मुंबईला जुन्या गाड्यांची मिरवणूक आहे, त्याआधी चार हब, एकसारखे, बिनभोकांचे हवेत, तेही दिवाळीनंतर पंधरा दिवसांत. नाहीतर ते पुण्याला करून घेणार. माणूस वाईट नाही. त्यांच्या मित्रांकडे अशा सहा गाड्या आहेत आणि चार हब जमले तर ते सगळे आमच्याकडे येतील, असंही म्हणाले. त्याच दुपारी सावळारामने विसावा साचा घेतला, नमुना वाळूत अडकला, त्याने रागाने हातोडी मारली आणि नमुन्याच्या तीन पाकळ्या मोडल्या. तो तिथेच उकिडवा बसून राहिला. मला तर त्या मोडलेल्या पाकळ्याही हातात घेऊन बसावंसं वाटत होतं, आणि थोडा वेळ बसलेही.

असं आमचं चाललंय. एरवी सगळं कुशल. मामींना नमस्कार, तुमच्या रंजनाच्या पोरांना पापा. तुम्ही दोघं तब्येतीला जपा. उगाच पत्राचं उत्तर लिहिण्याची दगदग करू नका.

तुमची भाची,
गिरजा

ता. क. चिंचेचा गोळा पाठवते आहे. मामींना म्हणावं मीठ कमी आहे, त्यांच्या हातचं थोडं घालावं.

ता. क. दोन. वर “काम असं काही नाही” लिहिलंय ते खोडणार होते, पण कागद खराब झाला असता. काम आहे. नव्या नमुन्यासाठी सागाचा एक ठोकळा आणून ठेवला आहे, चांगला वाळलेला, बिनगाठीचा. उताराच्या पाकळ्या नजरेने कोरणारा माणूस मला एकच माहीत आहे. आऱ्यांसाठी तुंब्याला भोकं पाडायचात ती आत निमुळती होत जायची आणि तुम्ही कधी पट्टीने मापलीत हे मी पाहिलं नाही.

ता. क. तीन. गाडी रबरी टायरची आहे. हे लपवायचं मनात होतं, जमलं नाही. धसईला पहिली टायरची बैलगाडी आली त्या दिवशी तुम्ही हत्यारं गोणपाटात बांधलीत आणि “टायरच्या चाकाला माजा हात लागणार नाय” म्हणालात, त्याला अकरा वर्षं झाली. मामी सांगतात, दर खंडेनवमीला गोणपाट सोडता, फुलं वाहता, पुन्हा बांधता. तेव्हा उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे.

ता. क. चार. वीटभट्टीचा मुकादम वाडीवर येऊन गेला. दिवाळी झाली की सावळाराम आणि ठमी बिऱ्हाड घेऊन विटा पाडायला भिवंडीकडे जातील, आणि त्यांच्या पोरीची, रेश्माची चौथी तिसरीसारखीच अर्ध्यावर सुटेल. सहा गाड्यांचं काम आलं तर यंदा जायला नको. मुकादमाला मी शुक्रवारपर्यंत थांब म्हटलंय. कोणाच्या भरवशावर ते सांगितलेलं नाही. म्हणून मामा, एवढंच मागते, आणि हेही तुम्ही ऐकणार नाही: नाही म्हणायचं असेल तर पत्रातून म्हणू नका, सकाळच्या एस.टी.ने मुरबाडला येऊन, ठमीच्या समोर उभे राहून म्हणा. आणि येताना गोणपाटातून काढून वाकस नि पटाशी बरोबर असू द्या.