लग्नाआधीची निरवानिरव

मी, श्रीमती शालन आप्पाजी जनवाडे, वय सहासष्ट, धंदा शिवणकाम, मूळची निपाणीची आणि गेली पंचेचाळीस वर्षं राहणार के. आर. पुरम, बेंगळुरू, हा कागद राजीखुशीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवते. चष्मा लावून, पण पहिल्या झटक्यात. मला कोणी धमकावलेलं, फसवलेलं किंवा गोड बोलून बसवलेलं नाही. सन २०१४ मध्ये केलेलं माझं मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावं. त्यात सगळं एकाच नावावर होतं आणि ते अर्ध्या तासात उरकलं होतं. याला चार रविवार लागले.

कलम १. कारण.

वकीलबाई म्हणाल्या, "अम्मा, कारण लिहायची गरज नसते." पण कारण नसतं तर हा कागदच नसता, म्हणून लिहिते.

मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून मला खोकला लागला होता. काढे झाले, वाफ झाली, गोळ्या झाल्या. ऑक्टोबरमध्ये एक्स-रे काढला तर उजव्या फुफ्फुसात डाग. मग स्कॅन. डॉक्टर तरुण होते, माझ्याकडे न बघता संगणकाकडे बघत बोलले, "गाठ वाटते. आत दुर्बीण घालून तुकडा काढावा लागेल. घरच्यांना सांगून ठेवा." तारीख मिळाली एकोणीस दिवसांनंतरची.

मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहिले. हातात मोबाईल होता. मुलगा वेदांत महादेवपुऱ्यात कंपनीत, मुलगी निधी पुण्याला. दोघांचे नंबर वर होते. मी फोन लावला तो श्री. दयानंद संकेश्वरी यांना.

हे कोण, ते इथे नोंदवते. दयानंद हे सिटी बसचे निवृत्त ड्रायव्हर. वय सत्तर. मूळ बेळगावकडचे, राहणार येलहंका, एका खोलीत एकटे. पत्नी जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. माझे यजमान आप्पाजी सोळा वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर दोनेक वर्षांनी दयानंद खाकी पँट घेऊन माझ्या दुकानात आले. मी म्हटलं, "मी जेंट्स शिवत नाही." ते म्हणाले, "शिवू नका हो अक्का, शिवलेलीच आहे. फक्त कमरेत सैल करा." तेव्हा कंबर चौतीस होती. आज चाळीस आहे. मधली सगळी वर्षं माझ्या मापाच्या वहीत आहेत. त्यांनी "अक्का" म्हणणं कधी सोडलं, ते मात्र वहीत नाही.

फोनवर ते एवढंच म्हणाले, "कुठे उभ्या आहात? तिथून हलू नका." येलहंक्याहून दोन बस बदलून दीड तासाने आले. हातात शहाळं होतं. माझं शहाळं पिऊन होईपर्यंत काय झालं ते त्यांनी विचारलं नाही.

परतताना बसमध्ये मला एक गोष्ट टोचली. माझ्या जिवावर बेतलंय हे ज्याला सर्वात आधी सांगावंसं वाटलं, त्याचं नाव माझ्या एकाही कागदावर नव्हतं. आणि ते नसण्याला मीच कारण होते. तीन वर्षांपूर्वी तळ्याकाठच्या बाकावर त्यांनी सरळ विचारलं होतं, "आपण लग्न करू या?" मी घाबरून म्हटलं होतं, "स्वल्प थांबा." ते म्हणाले, "सरी, बरं." आणि खरोखर थांबले. त्या विषयाचा पुन्हा एक शब्द नाही.

त्या एकोणीस दिवसांत मला मरणाची भीती वाटली, खोटं कशाला लिहू. ब्लाउज बेतताना कात्री अर्ध्यात थांबायची. पण भीतीपेक्षा जास्त स्वतःचा राग आला. वरचा मजला वेदांत परत येईल म्हणून आठ वर्षं कुलपात. कपाटात सतरा साड्या घडी न मोडलेल्या. आणि एक भला माणूस बाकावर बसून वाट बघतोय. सगळं ठेवून द्यायची ही खोड मला कोणी लावली नव्हती. माझीच होती.

नंतर मुलांनाही सांगितलं. निधी त्याच रात्रीच्या गाडीने आली. वेदांतने रजा टाकली. ठरलेल्या दिवशी घशातून नळी घातली, मला गुंगी होती. जाग आली तेव्हा तेच तरुण डॉक्टर एक इवलीशी बाटली नाचवत होते. या वेळी माझ्याकडे बघून हसत होते. "अज्जी, इदु अडिके!"

सुपारी! गाठबीठ काही नाही, सुपारीचं खांड श्वासनळीत अडकून त्याभोवती सूज धरली होती. आणि मला लख्ख आठवलं. मागच्या वर्षीच्या दिवाळीत तळ्याकाठच्या त्याच बाकावर दयानंद सांगत होते, की एका बाईने कोंबडीचं तिकीट काढायला नकार दिला आणि कंडक्टर चिडून कोंबडीलाच खाली उतर म्हणाला. मी तोंडात सुपारी घेऊन हसले. जोराचा ठसका लागला, पाणी प्यायले, विसरून गेले.

बाहेर बाकावर तिघं बसले होते, दोन्ही मुलं आणि पलीकडच्या टोकाला दयानंद. मी सुपारी म्हटलं तर निधी आधी रडली, मग इतकी हसली की नर्सने दटावलं. वेदांत भिंतीला टेकून डोळे पुसत राहिला. मी दयानंदांना म्हटलं, "मी तुम्हाला थांबायला सांगितलं होतं ना?"

"हो."

"ते आता पुरे झालं."

ते उठून उभे राहिले. "तारीख?" त्यांनी विचारलं.

"कसली तारीख?" वेदांतने विचारलं. मुलांना हे असं कळलं. याहून बरी रीत असेल, पण माझ्या अंगातली गुंगी अजून उतरली नव्हती.

कलम २. घर.

के. आर. पुरम येथील घर, तळमजला आणि वरचा मजला, माझ्यामागे वेदांत व निधी यांना समसमान मिळावं. आधीच्या कागदात निधीचं नाव नव्हतं. तिने कधी विचारलं नाही. नाव घातलंय म्हटल्यावर आता एवढंच म्हणाली, "आई, ते राहू दे, लग्नात साडी कुठली नेसणार?"

वेदांतने मात्र विचारलं, "आई, या वयात? लोक काय म्हणतील? आणि उद्या या घराचं काय?" शेवटचा प्रश्न विचारताना त्याचे कान लाल झाले, म्हणजे तो त्यालाही आवडला नव्हता. मला लागलं ते लागलंच. मी म्हटलं, "तुझी आई वाचली त्याला महिना नाही झाला, आणि तू घराचं विचारतोस?" तो उठून गेला. दोन रविवार फिरकला नाही. फोन करायचा, पण "गोळ्या घेतल्या का" यापुढे बोलणं सरकत नसे.

मी मसुद्यात लिहिलं होतं, की दयानंद माझ्यामागे राहिले तर त्यांना हयातभर या घरात राहण्याचा हक्क असावा. दयानंदांनी ते वाचलं, माझ्याच टेबलावरचा लाल खडू उचलला आणि कलमावर आडवी रेघ मारली. "मी तुमच्याशी लग्न करतोय, तुमच्या घराशी नाही. तुम्ही नसलात तर मी माझ्या खोलीवर जाईन. पोराच्या मनात किंतू नको." मी भांडले. त्यांनी ऐकलं नाही. बस चालवणाऱ्या माणसाला मागून कितीही ओरडलं तरी फरक पडत नाही, हे त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या रविवारी वेदांत आला. दुकानातल्या स्टुलावर बसून सगळा मसुदा वाचला. त्याच्या वडिलांची तीच सवय होती, वाचताना ओठ हलतात.

"ही लाल रेघ कुणी मारली?"

"मी," दयानंद म्हणाले.

"का?"

"तुझ्यासाठी."

वेदांत बराच वेळ खडूच्या रेघेवर अंगठा घासत बसला. खडू कापडावरून जातो, कागदावरून जात नाही. मग म्हणाला, "दवाखान्यात तो पहिला दिवस. आई एकटी फाटकाशी उभी होती आणि मी पाच किलोमीटरवर होतो. मला कळलं चार दिवसांनी. तुम्हाला कळलं पाच मिनिटांत." मसुदा पुढे सरकवून म्हणाला, "काका, आईनंतर तुम्ही कुठे जाणार? कलम परत लिहा. नवीन पान घ्या."

तरी नवीन पानावर लिहिते: श्री. दयानंद संकेश्वरी यांना माझ्या पश्चात या घरात हयातभर राहण्याचा पूर्ण हक्क राहील. हे कलम माझ्या मुलाच्या सांगण्यावरून घातलं आहे, हे निधीनेही ध्यानात ठेवावं आणि वेदांतने तर जास्तच.

वरच्या मजल्याचं कुलूप काढलं आहे. तिथे वारा छान येतो. आम्ही दोघं तिथेच राहणार आहोत.

कलम ३. दुकान.

दोन्ही पायमशीन, पिकोचं मशीन, लोखंडी इस्त्री, सगळ्या कात्र्या आणि मापाच्या वह्या प्रतिमाला द्याव्यात. एकोणीस वर्षं ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसते आहे. दवाखान्याच्या काळात तिने एकही गिऱ्हाईक परत पाठवलं नाही, आणि मला काय झालंय हे एकालाही सांगितलं नाही. तळमजल्यावरची पुढची खोली ती शिवणकाम करते तोवर तिचीच. मोठ्या कात्रीने तिने कागद कापू नये. मी सांगून दमले आहे.

कलम ४. साड्या.

त्या सतरा साड्या निधी आणि सून आर्या यांनी वाटून घ्याव्यात, अशी पूर्वी इच्छा होती. ती बदलली आहे. साड्या मी नेसणार आहे. आठ नेसून झाल्या. माझ्यामागे त्या मिळतील तेव्हा जुन्या, मऊ आणि दोन-तीन ठिकाणी सांबाराचे डाग पडलेल्या असतील, तशाच घ्याव्यात. जांभळी इरकल मात्र आर्याला आजच देत आहे, कारण घरात तणाव होता तेव्हा वेदांतला न सांगता ती मला रोज फोन करत होती. (वेदांत, आता कळलं तरी चालेल.)

कलम ५. बँकेतली शिल्लक.

उरेल ती दोन्ही मुलांना सारखी. "उरेल ती" हे शब्द मुद्दाम घातले आहेत. दयानंदांनी तेहतीस वर्षं बस चालवली, पण खिडकीपाशी बसून बाहेर बघत प्रवास कधी केला नाही. आम्ही आधी आगुंब्याला जाणार, मग मडिकेरी, मग जिकडे बस जाईल तिकडे. खिडकी त्यांची. परतीला माझी.

कलम ६. श्रीमती मनस्विनी यांचा ब्लाउज.

मोरपंखी, रेशमी, सन २०१६ पासून माझ्या कपाटात. बाह्या आखूड झाल्या म्हणून बाईंनी चारचौघींत मला बोल लावला आणि ब्लाउज टाकून गेल्या. तेव्हापासून त्या रस्ता ओलांडून पलीकडून जातात आणि मी दाराशी उभी राहून त्यांना जाताना बघते. नऊ वर्षं मी सांगत आले की शिवण बरोबर होती. मागच्या आठवड्यात वही काढून मापं ताडून पाहिली. बाह्या अर्धा इंच आखूड आहेत. चूक माझी. ब्लाउज दुरुस्त करून मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी चहा केला. ब्लाउज आता त्यांच्या अंगात जात नाही, पण त्याबद्दल दोघींपैकी कोणीच काही बोललं नाही. सदर वस्तू या मृत्युपत्रातून वगळावी.

कलम ७. बाटली व अडकित्ता.

डॉक्टरांनी दिलेली सुपारीच्या खांडाची बाटली निधीला. वीस वर्षं ती "आई, सुपारी सोड" म्हणते आहे, तिने ती शोकेसमध्ये ठेवून समाधान मानावं. पितळी अडकित्ता माझ्या सासूबाईंचा, तो वेदांतकडे राहावा. सुपारी मी सोडली आहे. बडीशेप खाते. तिच्यात राम नाही.

कलम ८. माझ्यानंतर.

डोळे दान करावेत. तेरावं घालू नये. ज्यांना जेवू घालायचं असेल त्यांना बिसिबेळे भात करून वाढावा, तूप हात न आखडता. आप्पाजींचा फोटो दुकानात आहे तिथेच राहील. ते भले होते, त्यांच्याशी माझं काही भांडण नव्हतं. दयानंद रोज त्या फोटोला फूल घालतात, मी सांगितलं नव्हतं. माझा फोटो लावायचा झाला तर हसतानाचा लावावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी निधीने करावी.

आज हा कागद सही करण्यापूर्वी सर्वांसमोर वाचून दाखवला. मी सही केली. साक्षीदार म्हणून शेजारचे भीमाचार्य आणि माझी मैत्रीण शिवलीला यांना बोलावलं होतं. आचार्यांचं पेन चालेना तेव्हा वेदांतने स्वतःचं दिलं. मग पेन परत हातात घेऊन म्हणाला, "मीही साक्षीदार म्हणून सही करतो."

वकीलबाई म्हणाल्या, "नको. ज्याला यातून काही मिळतं, त्याने सही न केलेली बरी."

वेदांत टोपण लावत, परत काढत उभा राहिला. मग दयानंदांकडे वळून विचारलं, "काका, शुक्रवारी लग्नाच्या रजिस्टरवर तुमच्या बाजूने कोण सही करतंय?"

"माझ्या बाजूने तसं कोणी नाही," दयानंद म्हणाले.

"मग मी आहे," वेदांत म्हणाला.

सहीनंतरचं हे सगळं मूळ मसुद्यात नव्हतं. वकीलबाईंच्या परवानगीने मी ते माझ्या हाताने इथे जोडलं आहे, आणि त्यापुढे पुन्हा सही केली आहे.

ठिकाण: के. आर. पुरम, बेंगळुरू
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार

लिहून देणार:
(सही) शालन आप्पाजी जनवाडे
(जोडलेल्या मजकुराखाली पुन्हा सही) शालन आप्पाजी जनवाडे

आम्ही दोघांनी श्रीमती शालन यांना आमच्यासमोर सही करताना पाहिलं. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि खुशीत होत्या.

साक्षीदार:
१. (सही) भीमाचार्य, शेजारी
२. (सही) शिवलीला, मैत्रीण