फ्रिजचा नगण

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज पाच वेळा! दार मिनिटभर उघडं राहिलं की फ्रिज ओरडतो — टी-टी-टी, टी-टी-टी. विमल दार उघडते आणि तशीच उभी राहते. काय घ्यायला आली ते विसरत असेल. मी उठून लावेपर्यंत महेंद्र जागा! पोरगा सुप्याच्या कंपनीत रात्रपाळी करून येतो, दिवसा नाही झोपायचं तर कधी?
"नाना, तुम्ही करता काय दिवसभर? आईकडं लक्ष ठेवता येत नाही?"
लक्ष! दुसरं आहे काय इथं? मागच्या महिन्यात ती एकटीच हायवेपर्यंत गेली, तेव्हापासून आतून कुलूप. किल्ली त्याच्या उशाखाली. तिसरा मजला, तीन खोल्या, दोन म्हातारी माणसं.

मंगळवार, ४
तीन आखूड टी. तीन लघू. अरे, हा तर नगण! आठवीत गुरुजी टेबलावर छडी आपटत 'यमाताराजभानसलगं' घोकून घ्यायचे. साठ पोरांचा एक आवाज — वरचे पत्रे थरथरायचे. आता एखादी कविता आठवत आठवत यतीपर्यंत यावी, तर मध्येच हा नगण! वृत्त मोडतं. पुन्हा पहिल्या ओळीपासून.

बुधवार, ५
जयमाला सून म्हणून वाईट नाही. हळूच विचारलं तिनं — "नाना, नगरला एक चांगली संस्था आहे म्हणे. अशा लोकांसाठी. आईंना ठेवू या का?"
अशा लोकांसाठी!
"आणि मी?"
"तुम्ही इथंच. तुम्हाला काय झालंय?"
महेंद्र चहाच्या कपात बघत होता. "सारखं ते फ्रिजचं दार, नाना. उद्या गॅस उघडा टाकील. रविवारी ठरवू."
बावन्न वर्षांचा संसार. रविवारी ठरणार.

गुरुवार, ६
फ्रिजच्या माथ्यावर, बिजागरीपाशी आवाजाची जाळी सापडली. कापूस कोंबला, वर चिकटपट्टी. फळ काय? नगणाला पडसं झालं!
विमल बघत होती. "काय करताय वो तिथं?"
"तुझं वकीलपत्र घेतलंय."
"मंग फी?" — हसली. ही बाई संस्थेत?

शुक्रवार, ७
जमलं! दाराच्या चौकटीत एक पांढरं बटण आहे. दार लागलं की ते दाबलं जातं. त्यावर जुन्या सदऱ्याची गुंडी ठेवून चिकटपट्टीनं गच्च बसवली. आता फ्रिजला वाटतं, दार कायम बंदच! आतला दिवा गेला — जाऊ दे. दहा मिनिटं दार उघडून उभा राहिलो. पायांवर गार वारा. आवाज नाही. शाळेतली एक कविता सोळाच्या सोळा ओळी म्हटली, खालच्या पट्टीत.

रविवार, ९
"दोन दिवस एकदाही वाजला नाही. आई सुधरतीय की!" महेंद्रनं स्वतः शिरा भरवला तिला. जयमालाला दिव्याचं कळलं — "माणूस बोलवू कधीतरी." संस्थेचं नाव निघालं नाही.
मी खोटं बोललो नाही. कुणी विचारलंच नाही.
पण आता दार उघडं राहिलं तर मला सांगणार कोण? खुर्ची स्वयंपाकघरात आणून टाकलीय. कुलपाच्या आत दुसरं कुलूप — हे मीच घातलेलं.

सोमवार, १०
दुपारी खुर्चीतच डोळा लागला. उठलो तर फ्रिज सताड उघडा, आत अंधार. विमल फरशीवर. मांडीवरच्या पदरात चार अंडी, वर दोन्ही हात पसरलेले.
"टिटवी वरडंना वो. अंडी टाकून गेली. आता मलाच बसाया पायजे."
गावाकडं वावरात टिटवी ओरडली की मी औत थांबवायचो. विमल अंडी हुडकून भोवती दगड मांडायची, मग मी तेवढा तुकडा सोडून पाळी घालायचो. विसरत नव्हती ती! अंड्यांवर टिटवीची राखण आहे ना, ते ऐकायला रोज दार उघडून उभी राहत होती.
गुंडी काढली. दिवा लागला. मिनिट गेलं — टी-टी-टी!
"आली बाई." एकेक अंडं तिनं जागेवर ठेवलं.
आतल्या खोलीत महेंद्रची कॉट करकरली. मी दार लावलं नाही.