कार्ड पुस्तकातच सुरक्षित

२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. ३१ला इमारत रिकामी करून द्यायची. दीडशे वर्षांची वास्तू, आता नूतनीकरण. खाली माझं वाचनालय, वर संग्रहालय, ते माझ्या सहायक बाई सांभाळतात. नव्या इमारतीचा प्रमुख कोण, मी की बाई, हे अध्यक्ष मार्चमध्ये ठरवणार. ठरवायचं काय त्यात! बावीस वर्षं ग्रंथपाल आहे मी. संकल्प: याद्या कमी, काम जास्त.

९ जानेवारी
बाई एकेक नाणं कागदात गुंडाळतात, चिठ्ठी लावतात, वहीत लिहितात. गोगलगाय! मी पहिली पेटी भरली. उचलली. कमरेत उसण.

१० जानेवारी, आडवा
सुचलं! पुस्तकं भरायचीच कशाला? सभासदांना वाटून टाकू. हवी तेवढी न्या, इमारत झाली की आणा. ना पेट्या, ना गोदाम. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

१६ जानेवारी, दुपारी १
रांग रस्त्यापर्यंत. हात दुखला. बाईंनी येऊन विचारलंच, पुस्तकामागच्या पाकिटातलं कार्ड काढून आपल्याकडे ठेवताय ना? मला शिकवतात! कार्डावर नाव मी स्वतः लिहितोय, सुवाच्य अक्षरात, आणि कार्ड परत पुस्तकात. फोडाफोडीत इथे हरवायला नको. पुस्तकात सुरक्षित.
सासरेबुवा सभासद नाहीत. ज्ञानकोशाचे बारा खंड त्यांना माझ्या नावावर दिले. सासुरवाडीत वजन वाढलं.

३० जानेवारी
हॉल रिकामा! चार हजार पुस्तकं गेली. अध्यक्षांनी पाठ थोपटली. बाई अजून चिठ्ठ्या लावतायत.

५ मार्च
आर्किटेक्टना कपाटं ठरवायची आहेत. अध्यक्ष म्हणाले, कुणाकडे काय आहे त्याची यादी शुक्रवारी द्या. म्हटलं, आजच देतो.

५ मार्च, दुपारी ४
पुस्तकं कुणाकडे, ते कार्डांवर आहे. कार्डं पुस्तकांत आहेत. हे पाच वेळा लिहून पाहिलं. दर वेळी तेच येतंय. पाणी प्यायलो.

८ मार्च
फाटकावर सूचना लावली. सात पुस्तकं आली. तीन आपली नाहीत. बायको म्हणाली, बाईंना सांगा खरं. अशक्य. अध्यक्षांना म्हणालो, यादी अंतिम टप्प्यात आहे.

९ मार्च, शुक्रवार
यादी दिली. सात ओळी. अध्यक्ष ओरडले असते तर बरं झालं असतं. बाईंची वही टेबलावर होती, दोन हजार वस्तू, एकही कमी नाही.

१५ मार्च
प्रमुख: बाई. पुस्तकांच्या दालनाच्या जागी उपाहारगृह, कोपऱ्यात एक कपाट. मला विशेष जबाबदारी, घरोघर जाऊन पुस्तकं परत आणणे. तसं पाहिलं तर ही बढतीच आहे. बाईंनी जुनी कापडी पिशवी दिली.

१६ मार्च
सुरुवात सासरेबुवांपासून. घरचं माणूस, सोपं काम. म्हणाले, कसले खंड? आम्ही काही नेलं नाही. जावईबापू, काही लेखी आहे का?
चहाचा कप मी ठेवला होता तो तिसऱ्या खंडावरच. कप उचलला, मागचं पाकीट उघडलं. कार्ड होतं, अगदी सुरक्षित. अक्षर माझं, सुवाच्य. सासरेबुवांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. नावही माझंच.
फार लाज वाटली. खंड पिशवीत घातला आणि बाईंकडे जमा करायला निघालो.