घंटी काढून ठेवलेला फोन

प्रिय काका,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही आधी घाबराल आणि मग चष्मा शोधाल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, मी ठणठणीत आहे. फोन करता आला असता. पण फोनवर मी मुद्द्यावर आले की तुम्ही "बरं, ठेवू का?" म्हणता आणि उत्तराची वाट न बघता ठेवूनही देता. परवा तेच केलंत. महिनाअखेरीला घर मालकाच्या ताब्यात देतोय, लँडलाइन बंद करायला सांगितली आहे आणि धाकट्या भावाकडे कायमचं राहायला जातोय, हे सगळं एका दमात सांगितलंत, आणि मी तोंड उघडायच्या आत रिसीव्हर खाली. आयुष्यभर लोकांच्या तुटलेल्या केबली जोडल्यात आणि स्वतःची लाइन तोडायची केवढी ती घाई! पत्राचं बरं असतं. ते तुम्ही मध्येच ठेवलंत तरी बोलायचं थांबत नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसात नव्याने लागलेल्या इंजिनीअरांना मी पहिला धडा दिला. मोबाइलचं बोलणं कसं जातं, एवढाच विषय. त्यांना वाटत होतं की आवाज या फोनातून निघतो आणि आकाशातून थेट त्या फोनात जाऊन पडतो. मी म्हटलं, अहो, हवेतून जातो तो जवळच्या टॉवरपर्यंत. पुढे तो जमिनीखालच्या केबलमधून शहरभर धावतो आणि दुसऱ्या माणसाजवळच्या टॉवरवर पुन्हा वर चढतो. आपण चालत्या गाडीत असलो तर एक टॉवर आपल्याला पुढच्या टॉवरच्या हवाली करतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे सांगताना मला हसू आवरेना. मला टॉवरच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा तुम्ही आईला म्हणाला होता, "इंजिनीअरबाई कितीही उंच चढल्या तरी त्यांची केबल माझ्याच खड्ड्यात उतरणार." तेव्हा मी फुगून बसले होते. पण काका, तुमचं बरोबर होतं, आणि आता मी ते पगार घेऊन शिकवते.

लँडलाइनचा धडा तर जसाच्या तसा तुमचा. जेवणाच्या टेबलावर दोन चमचे शेजारी ठेवून तुम्ही मला सांगितलं होतं की घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या दोन तारा येतात आणि त्यांत वीज एक्स्चेंजची असते, म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन चालतो. रिसीव्हर उचलला की दोन तारा जोडल्या जातात, वीज वाहू लागते आणि एक्स्चेंजला कळतं की या घरातल्या कुणाला तरी बोलायचं आहे. आपल्या आवाजाने ती वीज कमीजास्त होते आणि पलीकडे तिचा पुन्हा आवाज होतो. घंटी वाजवायला मात्र वेगळी वीज लागते, जास्त दाबाची, उलटसुलट वाहणारी. म्हणून कधी कधी लाइनवर बोलता येतं, पण घंटी वाजत नाही. अशा घरातला माणूस सगळ्यांना फोन करत राहतो आणि आपल्याला कुणीच फोन करत नाही म्हणून झुरत बसतो. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. आईशी लग्न करून तुम्ही आमच्या घरी राहायला आलात त्याला जेमतेम महिना झाला होता आणि मी तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. चमच्यांनी घोटाळा केला. मी विचारून बसले की मग त्या माणसाला सांगणार कोण.

तुमचं आणि आईचं कसं जमलं तेही त्या घंटीमुळेच, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. ती एक्स्चेंजमध्ये तपासणीच्या टेबलावर, तुम्ही रस्त्यातल्या चेंबरमध्ये गुडघाभर पाण्यात. केबल जोडून झाली की ग्राहकाच्या घरी जाऊन तुम्ही तिला फोन करायचात आणि "घंटी द्या" म्हणायचात. ती घंटी वाजवायची, तुम्ही उचलायचात, काम संपलं. बाकीचे जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारे, एकदा घंटी मागत. तुम्ही दोनदा. आईला आधी वाटलं, माणूस कामाला फार चोख आहे. मग तिच्या लक्षात आलं की दुसऱ्या घंटीनंतर तुम्ही विचारता ते प्रश्न लाइनबद्दलचे नसतात. मुलीचा ताप उतरला का, चहा झाला का. तिच्या टेबलावरच्या सगळ्या बायकांनी तुम्हाला घंटीवाले म्हणायला सुरुवात केली होती, हे तरी तुम्हाला माहीत आहे का? हे सांगताना आई लाजली होती, काका. वयाच्या पन्नाशीत.

आता ते सांगते, जे मी इतके दिवस मनात ठेवलं आहे. आईच्या आजारात मी इथे, एवढ्या लांब. रजा मिळेल तेव्हा यायचे, एरवी फोन. तोही लँडलाइनवरच, कारण आपल्या घराच्या मागच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही. पुढे दोन उंच इमारती, मागे जाड भिंत, लहरी आत पोचायच्या आधीच मरतात. आई सगळ्यांना सांगायची, लेक गावभर रेंज वाटते आणि आईची खोली तेवढी विसरली. मी वेळी-अवेळी फोन करायचे, काम संपेल तेव्हा, रडू येईल तेव्हा. आणि दर वेळी दुसरी घंटी व्हायच्या आत तुमचा आवाज, "बोल गं." मी थट्टाही करायचे, की काका, तुम्ही फोनवर अंडी उबवत बसता का? तुम्ही नुसते हसायचात.

आई गेल्यानंतर तुम्ही बाजारात गेला होता तेव्हा मी फोनखालची धूळ पुसायला घेतली. फोन हाताला हलका लागला. आतली घंटी नव्हतीच. तिच्या दोन्ही वाट्या रुमालात गुंडाळून खणात ठेवलेल्या. फोनच्या तारेतून एक बारीक वायर निघाली होती, ती तुमच्या खुर्चीपर्यंत, आणि तिच्या टोकाला, टेस्टरमध्ये असतो तसा, छोटा लाल दिवा. एरवीच्या विजेवर तो पेटत नाही, घंटीच्या विजेवरच पेटतो. आईला आवाज सहन होत नव्हता, चमचा पडला तरी ती कपाळ धरायची, हे मला माहीत होतं. पण घंटी काढलीत हे तुम्ही सांगितलं नाहीत. मी त्या वायरीमागे घरभर फिरले. टाचण्या मारत मारत ती स्वयंपाकघरात गेली होती, तिथे गॅसच्या वर दुसरा दिवा. तिथून न्हाणीघरात, आरशाच्या कोपऱ्यात तिसरा. दाढी करतानाही माझा फोन चुकू नये म्हणून!

मी इकडे ऐकत होते ती घंटी तुमच्या घरातली नव्हतीच. फोन करणाऱ्याला एक्स्चेंजच तो आवाज ऐकवतं, हे मी रोज शिकवते. तरी मला कधी सुचलं नाही की पलीकडे घर गप्प असेल आणि एक माणूस एका इवल्याशा दिव्याकडे डोळे लावून बसला असेल. आईची झोप मोडू नये आणि माझी हाक वाया जाऊ नये, म्हणून. मी सगळं होतं तसं ठेवलं आणि तुम्ही आल्यावर चहा टाकला. बोलले असते तर रडले असते. आज लिहिते, काका, मी तुमची फार ऋणी आहे. आईला शेवटपर्यंत शांतता मिळाली आणि मला शेवटपर्यंत आई मिळाली, ती तुमच्यामुळे. आणि परवासुद्धा तुम्ही पहिल्याच घंटीला फोन उचललात. म्हणजे वाट्या अजून खणातच आहेत. कोणासाठी, ते मला कळतं.

आता हे पत्र कशासाठी ते. परवा तुम्ही फोन ठेवल्यावर मी तुमच्या भावाला फोन केला. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी कोणत्या द्यायच्या, ते सांगायला. तर ते म्हणाले, "दादा इकडे येतोय? मला तर काही बोलला नाही गं." मग मी तुमच्या जुन्या सोबत्याला गाठलं आणि त्याने आढेवेढे घेत सांगितलं की एसटी डेपोमागची एक खोली तुम्ही भाड्याने बघून ठेवली आहे, एकट्यासाठी, आणि पोरीला कळू द्यायचं नाही अशी तंबीही दिली आहे. का, तर ती माझी कुठे आहे, तिच्यावर माझा भार कशाला, असं म्हणालात म्हणे. हे तुम्ही त्याला सांगू शकलात, मला नाही. तर मी सांगते. माझे वडील गेले तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यांचा चेहरा मला फोटोतून माहीत आहे. घाबरल्यावर मी ज्याला फोन करते तो माणूस तुम्ही आहात. उपकार फेडायला मी हे करत नाही, तेवढी माझी ऐपतही नाही. मला तुम्ही घरात हवे आहात. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येते. माझ्याकडे तुमच्या खोलीला खिडकी आहे, पलंग आला आहे, डेपोमागच्या त्या खोलीवाल्याला मी नाही म्हणून कळवलं आहे. चिडा हवं तर, चिडून गाडीत बसा. आणि सामान बांधून झालं असेल तर सोडू नका, तसंच इकडे आणायचं आहे.

तुमचीच,
मुलगी