बार्शीतलं माझं पान

३ ऑक्टोबर

आई एकदा म्हणाली होती, "मी शोधायला येणार नाही. तुझं पान मांडलंय, तू येशील." मी तेव्हा माझ्या जुईएवढी असेन. दादाला सायकल आणली आणि मला नाही, म्हणून रुसून शेजारच्यांच्या गच्चीवर जाऊन बसले होते. आई खरंच शोधायला आली नाही. भाकरीचा वास आला आणि मी आपली जिना उतरून मुकाट पानावर. आज नव्या घरात पहिल्यांदा तिघांची ताटं घेताना ते आठवलं आणि एकटीच हसले.

घर सुरेख आहे. नागोयाच्या काड्यापेटीसारख्या फ्लॅटनंतर ताकाओकातलं हे लाकडी घर म्हणजे चैन आहे. श्रीकरची इथल्या कारखान्यावरची बदली दीड वर्षाची. जुईच्या शाळेची वाट भाताच्या शेतांमधून जाते. घरमालकीण ओकुमुरा-सान शेजारच्याच घरात राहतात. जपानी रीतीप्रमाणे टॉवेलची पेटी घेऊन भेटायला गेले, तर त्यांनी अंगणातल्या झाडाची पर्सिमनची केशरी फळं ओंजळभर दिली. सत्तरीच्या, ताठ कण्याच्या आणि बोलक्या आहेत. जुई त्यांना लगेच 'बाचान' म्हणायला लागली. आजी! श्रीकर म्हणाला, बघ, आपल्या लेकीनं घरभाड्यात आजीही मिळवली.

९ ऑक्टोबर

आज फजिती झाली. ओकुमुरा-सानकडे त्यांचा डबा परत द्यायला गेले, तर आतल्या खोलीत एका माणसाचा फोटो आणि त्यापुढे लाल तबकात वाढलेलं जेवण. भात, भाजलेला मासा, लोणचं, झाकणाचा वाडगा. आपल्याकडे असं पान कुणासाठी वाढतात! मी मान खाली घालून म्हटलं, फार वाईट झालं, एवढ्या तरुण वयात. त्या खो-खो हसत सुटल्या. अगं, मेला नाही, मेक्सिकोला आहे माझा लेक तेत्सुया! पोट सुटलंय म्हणून कालच फोनवर रडत होता.

परदेशी गेलेल्याचं पान घरी वाढायचं, म्हणजे तो तिकडे उपाशी राहत नाही, अशी त्यांच्या सासरची रीत. वाडग्याच्या झाकणाला आतून वाफेचे थेंब आले की समजायचं, माणूस सुखरूप आहे. त्यांनी झाकण उचलून दाखवलं. थेंबच थेंब होते. पुढचंही काही सांगत होत्या, पण माझं वरण गॅसवर होतं. मी निघाले.

त्या पोट सुटलेल्या तेत्सुयाचा मला दिवसभर हेवा वाटला.

१७ ऑक्टोबर

बार्शीला आईकडे व्हिडिओ कॉल केला. तिकडे दुपारचं जेवण चाललं होतं. वहिनी खिडकीजवळ बसली होती, म्हणजे माझ्या जागी. लहानपणापासून ती जागा माझी आहे. तिच्या पानात आईच्या हातची भाकरी होती, शेंगांची चटणी, वर तेलाची धार. आई तिला वाढत होती आणि माझ्याशी बोलताना तिचं लक्ष वहिनीच्याच पानाकडे होतं. वहिनी म्हणाली, "विनूताई, तुमची मजा बाई! तिकडं काय स्वच्छता, काय गाड्या!" मी हसून मान डोलावली.

आज जुईनंही डब्यात पोळी नको सांगितली. तिला ओकुमुरा-सानसारखे भाताचे त्रिकोणी गोळे हवेत.

मी आईला पुन्हा फोन लावून ती रीत सांगितली. म्हटलं, खिडकीजवळ माझं पान मांडत जा ना गं रोज. आई म्हणाली, "चाळिशी उलटली तरी तुझं जागेचं भांडण मिटेना." मग म्हणाली, "मांडीन. पण त्या अन्नाचं करायचं काय? कावळ्याला घालायला तू काय मेलीयेस? आणि दुसऱ्याच्या पानातलं आपण खात नाही. राहू दे तसंच झाकून."

मला फार बरं वाटलं. वहिनीला आता सरकून बसावं लागेल.

२४ ऑक्टोबर

गंमत आहे. इथल्या चार वाजता, म्हणजे आईकडच्या जेवणाच्या वेळी, पोट भरल्यासारखं होतं. डोळे मिटतात. आज दसरा. मी इथे साधी खिचडी केली होती, पण चारनंतर जिभेवर पुरणाची चव होती आणि बोटांना तूप लागल्यासारखं वाटत होतं. श्रीकर म्हणाला, सासूबाईंनी आता चवही फोनवरून पाठवायला सुरुवात केली वाटतं.

वहिनीचा फोन आला. झाकलेलं पान सकाळी स्वच्छ असतं म्हणे. आवाज घाबरलेला होता. मी म्हटलं, मांजर असेल. ती म्हणाली, "मांजर ताटावर झाकण परत ठेवतं का, ताई?"

जळते, दुसरं काय.

१ नोव्हेंबर

नखं पिवळी दिसताहेत. हळदीची. आठवडाभर मी हळदीला हात लावलेला नाही.

जुई चारला शाळेतून येते. दारातच "तादाइमा" म्हणते, आले मी. मी आतून "ओकाएरी" म्हणते, आलीस, ये. आजही तिनं हाक दिली, पण मी घरात नव्हते म्हणे. मी तर ओट्यापाशी खुर्चीवर बसलेली होते, थोडे डोळे मिटले होते इतकंच. ती सरळ शेजारी गेली आणि जेवूनच आली. बाचाननी केस विंचरून दोन वेण्या घातल्या होत्या. माझ्यापेक्षा सरळ भांग पाडला होता. मी त्या वेण्या सोडल्या आणि पुन्हा घातल्या. जुई ओरडली. मी ओढूनच घातल्या.

८ नोव्हेंबर

आज आईनं फोन उचलायला वेळ लावला. आवाजात इतकं सुख की मी आधी ओळखलंच नाही. म्हणाली, "अगं, आत्ताच तर जेवलीस. परत काय हवं?"

मी म्हटलं, आई, मी ताकाओकाहून बोलतेय.

ती हसली. म्हणाली, "हो गं, ते आहेच. पण येतेस ना तू. पाठमोरी बसतेस खिडकीकडं तोंड करून. मी हाक मारत नाही. मुकाट्यानं भाकरी मोडतेस, लहानपणी मोडायचीस तशी, मधोमध."

मी फोन ठेवला. पोट भरलेलं होतं. संध्याकाळी श्रीकरनं आणलेले नूडल्स मी तसेच फ्रिजमध्ये ठेवून दिले.

तिकडे बसते तिला आईच्या हातचं मिळतं. मला फक्त पोट भरल्याचं कळतं.

१५ नोव्हेंबर

भाऊबीज. दादाला ओवाळायला तबक तयार करून फोन लावला. त्यानं उचलला तेव्हा त्याच्या कपाळावर ओलं कुंकू होतं. अक्षतांचा एक दाणा भुवईवर चिकटला होता.

कुणी ओवाळलं, विचारलं.

दादा माझ्याकडे बघत नव्हता, फोनच्या वरून कुणाकडे तरी बघत होता. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "विने, नेहमी पाचशेवर भांडतेस. आज शंभर घेतलेस आणि वर पाया पडलीस. बरी आहेस ना?"

माझ्या तबकातलं निरांजन तसंच जळत राहिलं. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. वहिनीचा नाही. ओकुमुरा-सानचाही नाही.

१८ नोव्हेंबर

ओकुमुरा-सानना सगळं सांगितलं. त्या माझ्या नखांकडे बघत होत्या. विचारलं, ते पान नंतर खातं कोण? म्हटलं, कोणी नाही, झाकून ठेवतात. त्या उठून उभ्याच राहिल्या. तेवढंच तर सांगत होते मी त्या दिवशी, म्हणाल्या. आधी वाढायचं आणि मग घरच्यांनी लगेच खाऊन टाकायचं. आपल्या तोंडून त्याला पोचतं. ठेवून दिलं तर तो स्वतः खायला येतो. आणि जो असा आला तो राहत्या जागी उरत नाही.

आईला फोन केला. म्हटलं, उद्यापासून माझं पान तू खा. नाहीतर वहिनीला खायला सांग.

आई म्हणाली, "तू समोर बसलेली असताना? तुझ्या तोंडचं काढून?"

मी ओरडले. तिनं फोन वहिनीकडे दिला.

२६ नोव्हेंबर

वहिनी आता घाबरत नाही. म्हणाली, "राग मानू नका ताई. तुम्ही आलात की दोन दिवसांत माझ्या डब्यांच्या जागा बदलता. ह्या काहीसुद्धा बोलत नाहीत. दुपारी आईंचे पाय चेपतात. मी खिडकीची जागा त्यांना देऊन टाकलीय."

ह्या. तिला ह्या म्हणते.

श्रीकरला म्हटलं, मला बार्शीला जायचंय, तिकीट काढ. हो म्हणाला. संध्याकाळी विचारलं तर त्याला आठवतच नव्हतं, कुणाचं तिकीट.

३ डिसेंबर

पहिला बर्फ. श्रीकरनं जेवायला दोनच वाडगे काढले. मी म्हटलं, आणि माझा? दचकला. अरे हो, म्हणाला. उठून तिसरा आणला आणि जुईच्या पुढ्यात ठेवला.

आईचा फोन लागतो. उचलत नाहीत.

७ डिसेंबर

चार वाजता दार सरकलं. "तादाइमा!" मी ओट्यापाशी होते. डोळे उघडे ठेवले होते, शपथ. "ओकाएरी" म्हटलं. पुन्हा म्हटलं. जुई बूट हातात घेऊन ऐकत उभी राहिली. माझ्या अंगावरून आतपर्यंत बघितलं. मग बूट चढवून बर्फातून शेजारी गेली. तिकडून उत्तर आलं. मोठ्यांदा, हसरं.

खिडकीच्या काचेवर माझा श्वास उमटत नाही.

११ डिसेंबर

जुईनं माझं पान मांडलं. ओकुमुरा-साननी शिकवलं तिला. माझा नागोयातला फोटो. भात. झाकणाच्या वाडग्यात वरण, तिनं स्वतः केलेलं, हळद जास्त झालेली. मी समोरच बसले होते. हात लावून बघितला. गरम की गार, कळेना —

तिनं हात जोडले. झाकण उचललं. आतून कोरडं होतं.

खूप वेळ ते उलटंपालटं करून बघत होती. मग रीतीप्रमाणे सगळं खाल्लं. रडत, एकेक शीत. शेवटी फोटोला म्हणाली, उद्या मीठ बरोबर घालीन.

माझं पोट गच्च भरलेलं. भाकरीनं. ह्याच घासासाठी जीव टाकला असता आणि —

१२ डिसेंबर

चार वाजत आले. लसणीचा वास येतोय. पाट्यावर वरवंटा —

जुई परत मांडतेय. आज मी वाडग्याला चिकटून बसलेय. एक दिवस तिकडचं पान चुकलं तर झाकणाला थेंब येतील. एकच दिवस पुरे —

फोन लावलाय. वाजतोय.

आई नाही म्हणेल. लेकीला पानावरून उठवू का, म्हणेल. मी तरी उठवलं असतं का जुईला —

उचलला.

"हॅलो, विनया बोलतेय." माझाच आवाज. भरल्या पोटाचा. मागे आई विचारतेय, कुणाचा गं फोन —

बाई, आईला दे. देणार नाहीस, माहीत आहे मला. मीही दिला नसता. पण तिला एवढंच सांग, आजच्या दिवस माझं पान —