माथ्यावरचं नाव

२ फेब्रुवारी १९९८, सोमवार

सकाळी सकाळी कराडहून दादासोंचा फोन. आमचं पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर, ‘रेखीव’, छापखान्यात बसवून महिना नाही झाला, तर परत करायला निघाला माणूस! का, तर त्यांच्या जुन्या लग्नपत्रिका त्यात उघडत नाहीत. उघडतील कशा? त्या सगळ्या अवधूतच्या ‘ठसा’मध्ये केलेल्या.

म्हटलं, नव्यानं टाइप करा. तर म्हणाले, “आवं ताई, धाकट्याच्या लग्नाला थोरल्याचीच पत्रिका काढायची आन् नवरानवरी बदलायची, अशी आमच्यात रीत हाय. खाली भावकीची साठ-साठ नावं. एक गळालं तर मंडपात तोंडं फिरत्यात.” लग्नसराईच्या आत जुन्या फायली ‘रेखीव’मध्ये यायला हव्यात. नाहीतर ते पुन्हा अवधूतकडे जाणार.

म्हणजे भागीदारी मोडून सांगलीतून चालता झालेल्या त्या माणसाच्या फायलींसाठी आता मी कमांड लिहायची. माझ्या मेनूत!

३ फेब्रुवारी

कमांडचं नाव ‘आयात करा’. ‘उघडा’च्या खाली. ‘उघडा’मध्ये घालणार नाही — त्याच्या फायली माझ्या फायलींच्या पंगतीला बसणार नाहीत.

खरं कारणही आहे म्हणा. आयात केलेला मजकूर नव्या, बिननावाच्या पत्रिकेत आला पाहिजे. जुनी फाइल आहे तशी राहिली पाहिजे. नाहीतर दादासो धाकट्याची पत्रिका थोरल्याच्या पत्रिकेवरच साठवून बसतील आणि मला बोल लावतील.

४ फेब्रुवारी

नाक मुठीत धरून साताऱ्याला अवधूतला फोन केला. तीन वर्षांनी. चहा पीत होता, बशी वाजत होती. म्हटलं, तुझ्या फाइलची मांडणी कशी आहे, काय कुठे ठेवलंस, ते कागदावर लिहून पाठव.

“तुला कशाला सांगायला हवं, अश्लेषा?” एवढंच. आणि वर, “बरी आहेस ना?”

फोन आपटला. आगाऊ कुठला. गेला तेव्हाही असाच शांत होता, जसं काही भांडण मी एकटीनंच केलं. केलं. बरं मग?

६ फेब्रुवारी

चोर.

त्याची एक फाइल आकड्यांत उघडून ओळ न् ओळ तपासली. आधी परिच्छेदांचा तक्ता, मग मजकूर, शेवटी अक्षरांचे आकार — ही तर ‘रेखीव’चीच मांडणी! फाइल कुणाची ते ओळखायची सुरुवातीची चार अक्षरं तेवढी बदललीत शहाण्यानं.

माझा जुना कोड काढला. माथ्यावर माझं नाव, तारीख १७ ऑगस्ट १९९४. दुसऱ्या कुणाचं नाव नाही. तीन-साडेतीन वर्षं त्या ओळींत माझा हात फिरतोय, मला नाही कळणार?

आयातीला महिना धरला होता. दुपारच्या जेवणाआधी झाली. मांडणी माझी, ती वाचणारा कोडही माझा, मग अडणार कुठे? जेवण मात्र गेलं नाही.

‘तुला कशाला सांगायला हवं’ — आता कळलं. तोंडावर सांगत होता मेला.

९ फेब्रुवारी, सोमवार

कराडला जाऊन आले. दादासोंनी ‘आयात करा’ दाबलं आणि थोरल्या पुतण्याची, कृष्णातची पत्रिका पडद्यावर आली. बोट ठेवून नावं वाचायला लागले आणि थांबले. उजव्या रांगेतली नावं सगळी डाव्या रांगेच्या खाली जाऊन पडलेली. “आवं, सरपंच पार शेवटाला? जुंपंल की आमच्यात.” तिथेच बसून दुरुस्त केलं. मग एकसष्टच्या एकसष्ट जागेवर.

चहा आला तेव्हा सांगून टाकलं, अवधूतनं माझी मांडणी चोरलीय. दादासोंनी बशी खाली ठेवली. “मला तर तो पोरगा लय सरळ वाटला हुता.” मग स्वतःहूनच म्हणाले, गावातल्या बाकीच्या छापखान्यांना सांगतो, “चोराचा माल कशाला ठिवायचा?”

मी नको म्हणाले नाही. परतताना एसटीत छान झोप लागली.

१२ फेब्रुवारी

चिंतामणमामांकडे गेले. ते वकील, त्यामुळे आधी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग चष्मा पुसत बसले. अवधूतला नोटीस मात्र कडक लिहिलीय. मी सही केली. सोमवारी टपालात पडेल.

“कोडवर नाव आहे, ठीक. पण त्या दिवसाचं तुझ्या हातचं आणखी काही लेखी आहे?”

आहे की. रोजनिशी. त्या सालची वही वाईला आईच्या ट्रंकेत आहे.

१३ फेब्रुवारी

दादासोंचा फोन. कराडच्या आणखी दोन छापखान्यांनी ‘ठसा’ काढून टाकलं. बरं झालं.

१५ फेब्रुवारी, रविवार. वाई

वही सापडली. १७ ऑगस्ट १९९४चं पान आहे तसं उतरवतेय.

‘अवधूतनं फाइलची सगळी मांडणी लिहून आणली, नऊ पानं. मी नुसती टाइप केली. म्हटलं, वर तुझं नाव घालते. तर म्हणाला, टाइप तू करतेयस, तुझंच घाल.’

अक्षर माझंच आहे. उद्या सोमवार.