आई कुणावर अवलंबून

१४ जाने., मंगळ.
लंचमध्ये ऑफिसच्या जिन्यात बसून इंग्लंडमधल्या, लेस्टरच्या वकीलबाईंशी बोलले. धाकटी बहीण मीनू तिकडे डायलिसिसहून नुकतीच आलेली, तरी कॉलवर होती. आवाज अगदी खोल गेलाय. आईला तिच्याकडे कायमचं राहायला न्यायचं, एवढाच विषय. व्हिजिटर व्हिसावर जाऊन सहा महिन्यांत परतावं लागलं, तेव्हापासून आईने माझं डोकं खाल्लंय. धाकटीचे तिकडे हाल, आणि मी इकडे अमेरिकेत, एडिसनला हीटरसमोर बसून काय करू, म्हणते.

मार्ग एकच. मीनूचा नवरा दिलीप गोव्याचा. पोर्तुगीज पासपोर्टवर गेला तेव्हा ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं. ब्रिटन बाहेर पडलं तरी त्याचा हक्क राहिला, आणि त्यातून बायकोच्या आईलाही येता येतं. सुरुवातीच्या मुदतीत अर्ज केला असता तर कुणी काही विचारलं नसतं. आता आई मीनूवर अवलंबून आहे हे सिद्ध करायचं. निघालीये लेकीची सेवा करायला, आणि कागदावर लेक हिला सांभाळते. हसावं की रडावं.

१८ जाने., शनि.
आईला सांगितलं. मेथी निवडत होती, मान वर केली नाही.
"कोल्हापुरात तीन मशिनी टाकून, लोकांचे ब्लाउज शिवून दोघींना शिकवलं. मी कुणावर अवलंबून?"
"कागदापुरतं गं."
"कागदावरसुद्धा खोटं नाही."
दिलीप फोनवर म्हणाला, मीनू दर महिन्याला पैसे पाठवेल, दिसायला तरी दिसेल. आईने त्यालाही झाडलं. जावयाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२६ जाने., रवि.
व.बाईंचा मेल. बनवाबनवी नकोच. पण सगळं पैशातच मोजतात असं नाही. आईच्या रोजच्या गरजेचं असं काही आहे का, जे मीनूच करते?
विचार करकरून थकले. घर माझं. डॉक्टरकडे नेते मी, औषधं आणते मी. मीनू नुसती फोन करते. केस बसत नाही. तरी सोडणार नाही, काहीतरी...

३ फेब्रु., सोम.
बर्फ. ट्रेन कॅन्सल, घरूनच काम. आईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. मला वाटलं रोजच्या गप्पा. आत बघते तर आई इन्सुलिनचं पेन फोनसमोर धरून बसलेली. पलीकडून मीनू: "अजून थोडं फिरव. हां, बास. चौदा. आता घे."
आईला पेनवरचा आकडा दिसत नाही. कधीपासूनच. आणि मी समजत होते, स्वतःच घेते.
"मला का नाही सांगितलंस?"
"तू उजाडायच्या आत ट्रेनला पळतेस. सांगितलं असतं तर नोकरी सोडून बसली असतीस."
फार लागलं. बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि व.बाईंना मेल टाकला.

११ फेब्रु., मंगळ.
आईने स्वतःच्या हाताने लिहून दिलं, ओळी वरखाली: 'मला इंजेक्शनचा आकडा दिसत नाही. धाकटी मुलगी बघून सांगते, तेव्हाच मी घेते.' लिहिलं भराभर, सही करायला मात्र बराच वेळ लावला. डॉक्टरांचं पत्र जोडलं. व.बाई म्हणाल्या, भक्कम नाहीये, पण खरं आहे, लढू. अर्ज गेला.
"मंजूर झालं तर ग्रीनकार्ड सोडावं लागेल, आई."
"सोडलं."

१ मार्च, शनि.
उत्तर नाही. आज मीनूचं डायलिसिस लांबलं, फोन लागत नाही. आई पेन हातात घेऊन बसलीये. म्हटलं आण इकडे, मी बघते आकडा.
"नको. तू बघायला लागलीस तर मी तिच्यावर कुठे अवलंबून राहिले?"
"एका दिवसाने काय होतंय?"
"उद्या विचारतील. मी खोटं सांगायची नाही."
पोहे झाकून ठेवलेत. फोन टेबलावर उभा केलाय, कॅमेरा तिच्या हाताकडे. मी शेजारी बसून हे लिहितेय, पेनकडे न बघता. पुन्हा लावलाय. रिंग जातेय.